एक हात युरोप, एक हात जपान: चिलखताच्या बाह्यांच्या नोंदी

घरी चिलखताची बाही करून बघायची असेल तर कामाला येईल म्हणून तारखेवारी लिहून ठेवतोय. इतिहास वाचायचा असेल तर भरपूर मिळेल, इथे फक्त काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले एवढंच. पुण्यात राहतो, एका खोलीच्या बाल्कनीत काम करतो, वेल्डिंग येत नाही.

८ जून

अख्खं चिलखत करायचं नाही हे आधीच ठरवलं. सामुराई विरुद्ध नाइट यावर लोक तासन् तास भांडतात आणि सगळं भांडण छातीचा पत्रा आणि तलवार यावरच होतं. मला वाटतं खरी गंमत हातात आहे, कारण हाताला वाचवायचंही असतं आणि हातानेच मारायचंही असतं. शिवाय एकाच माणसाच्या दोन हातांत दोन देश घालता येतात.

तर डाव्या हाताला साधारण १३५० च्या सुमाराची युरोपियन कड्यांची बाही, तिच्याखाली जाड शिवलेलं अस्तर. उजव्या हाताला कोते, म्हणजे जपानी चिलखताची बाही, सेनगोकु (जपानातल्या यादवी युद्धांच्या) काळाच्या शेवटचा, १५७० ते १६०० च्या आसपासचा. काळ जुळत नाहीत, माहितीये. १५८० मध्ये युरोपातला पैसेवाला योद्धा हातावर अख्खा पोलादी पत्रा घालायचा, कड्या फक्त सांध्यांच्या फटी झाकायला उरल्या होत्या. पण मला पत्र्याशी पत्रा नाही लावायचा, कापडासारखं वाकणारं कवच दोघांनी कसं सोडवलं ते बघायचंय, आणि त्यासाठी ही जोडी बरी पडते.

१५ जून

सामान. जगभरात हौशी लोक जी रिव्हेटवाली (प्रत्येक कडी बारीक खिळ्याने बंद केलेली) जाळी घालून मिरवतात त्यातली बरीचशी भारतातच बनते, उत्तर भारतातल्या कारखान्यांत, निर्यातीसाठी. त्यामुळे सुट्या कड्या मिळाल्या, आतला व्यास ९ मिमी, अर्ध्या अखंड आणि अर्ध्या उघड्या, भोक पाडलेल्या, सोबत पाचरीसारखे चपटे रिव्हेट. २ किलोचे ४,६०० रुपये. रिव्हेट दाबायचा चिमटा १,२००. चिमटा महाग वाटला म्हणून आधी साध्या पकडीने बघितलं, पकड घसरते आणि कडी लंबगोल होते. चिमटा घ्याच.

जपानी बाजूला तयार काहीच मिळत नाही, सगळं स्वतः. हार्डवेअरच्या दुकानातून दीड मिमीच्या आतली जी.आय. (जस्त चढवलेली) तार, ३५० रुपये.

२३ जून

रिव्हेट मारायला सुरुवात. पद्धत सोपी आहे, एक उघडी कडी चार अखंड कड्यांतून ओवायची, टोकं एकावर एक आणायची, भोकात रिव्हेट, चिमटा दाबायचा. एक रांग अखंड एक रांग रिव्हेटची असं केलं की रिव्हेटचं काम निम्म्यावर येतं. मध्ययुगात पण बऱ्याच ठिकाणी असंच करायचे, आळस नवीन नाहीये.

सुरुवातीला एका कडीला मिनिटभर लागतं आणि तासाभराने बोटं सुजतात. रिव्हेटचं टोक कुठल्या बाजूला ठेवायचं ते एकदा ठरवून तेच ठेवा, चपटी बाजू आत, फुगीर बाहेर. मी पहिल्या वीतभर तुकड्यात दोन्ही बाजूंना मारले आणि नंतर त्या तुकड्याने अस्तराचे धागे ओढून काढले.

७ जुलै

मोठा घोळ, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

कड्यांच्या जाळीला दिशा असते. रांगांच्या दिशेने ती ताणली जाते आणि परत मिटते, उभ्या-आडव्यात सारखी वागत नाही. मी जाळी सपाट टेबलावर विणली, मस्त चौकोनी तुकडा झाला, गुंडाळून नळी केली आणि रांगा हाताच्या लांबीला समांतर आल्या. टेबलावर सगळं ठीक. हात खाली सोडला की स्वतःच्या वजनाने जाळी लांब होते आणि तेवढीच अरुंद, आणि ती दंडाला असं आवळून धरते की खाली अस्तर घातल्यावर कोपर वाकतच नाही. रांगा हाताभोवती गोल फिरल्या पाहिजेत, म्हणजे दंड फुगला की जाळी पण फुगते.

नळी उघडून ९० अंशात फिरवून परत जोडली. जोडणीच्या रांगेतले सगळे रिव्हेट कापावे लागले, अखंड कड्या वाचल्या, बाकी भंगार. अजून एक, सरळ नळी कोपराला चालत नाही. कोपराच्या मागे रांगेत जादा कड्या घालून थोडी पिशवी सोडावी लागते, नाहीतर हात वाकवला की मनगटाकडची जाळी चार बोटं वर चढते. हे सगळं केल्यावर कड्या साधारण ३,५०० लागल्या आणि बाहीचं वजन १.९ किलो भरलं. अख्खा अंगरखा १० किलो किंवा त्याहून जास्त का भरतो ते कळलं.

२० जुलै

गंज. पावसाळ्यात उघडं लोखंड बाल्कनीत ठेवलं, दुसरं काय होणार. गोणीत कोरडी वाळू आणि बाही घालून तोंड बांधून अर्धा तास हलवली, स्वच्छ निघाली. युरोपातही पिंपात वाळू घालून गडगडत न्यायचे. नंतर शिवणयंत्राचं तेल. तेल लावल्यावर शर्ट विसरा.

२८ जुलै

अस्तर. नुसती जाळी अंगावर घालून उपयोग नाही, धार अडते पण फटका आत पोचतो. युरोपात खाली जाड गॅम्बेसन असायचं, तागाच्या कापडाचे थरावर थर किंवा मध्ये कापूस भरून टिपलेलं. माझी मावशी गोधड्या शिवते, तिच्याकडे जुन्या सुती लुगड्यांचे थर लावून बाही शिवून घेतली. मावशी म्हणाली, "अरे एवढे थर घातल्यावर सुई जाईल का?" सुई जात नव्हती, दाभणाने भोकं पाडून दोरा घातला. बारा थरांवर थांबलो. कापड, दोरा, थोडा कापूस मिळून ९०० रुपये.

कोपराच्या आतल्या बाजूला थर कमी ठेवा. सगळीकडे सारखे ठेवले तर घडीवर गठ्ठा होतो आणि हात काटकोनाच्या पुढे जात नाही. आम्ही आतले थर नंतर उसवून काढले.

११ ऑगस्ट

कुसारी, म्हणजे जपानी जाळी. इथे विणच वेगळी. गोल कड्या सपाट पडलेल्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या लंबगोल कड्या त्यांच्यात उभ्या, त्यामुळे सगळं खिडकीच्या जाळीसारखं चौकोनी दिसतं आणि मध्ये मोकळ्या जागा राहतात. बऱ्याच जपानी कड्यांना रिव्हेट नसतो, टोकं नुसती जुळवलेली, किंवा तार दोनदा फिरवलेली, किल्लीच्या रिंगसारखी. रिव्हेटवाल्या पण मिळतात, आणि पोर्तुगीज आल्यानंतर युरोपियन विणीची जाळी पण तिकडे बनायला लागली.

मला वाटलं रिव्हेट नाही म्हणजे काम झटपट. उलट झालं. तार सळईवर गुंडाळायची, कापायची, मग लंबगोल कड्यांसाठी गोल कड्या व्हाइसमध्ये दाबायच्या. सगळ्या सारख्या दाबल्या जात नाहीत, आणि एक जरी लांब झाली तरी चौकोन वाकडा होतो. शेवटी सळई हातोडीने ठोकून चपटी केली आणि तार थेट तिच्यावरच गुंडाळली, तेव्हा कुठे सारख्या आल्या. साइड कटरने कापलं की कडीला धारदार नख राहतं, ते प्रत्येक कडीचं कानशीने घासावं लागतं. नाही घासलं तर खालचं कापड आठवड्यात चाळण.

२५ ऑगस्ट

पोटरीहाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट, पट्ट्या. शिनो-गोते प्रकारात लांब अरुंद लोखंडी पट्ट्या हाताच्या बाहेरच्या बाजूला शेजारी शेजारी बसतात आणि मध्ये कुसारीने जोडलेल्या असतात. १ मिमी सी.आर. पत्रा, फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेतला, पत्रा आणि कटिंग मिळून ६००. कोपराची गोल वाटी मी लाकडाच्या खळग्यात हातोडीने ठोकून केली, पहिली फाटली कारण पत्रा न तापवता एकाच जागी ठोकत बसलो. गॅसवर लाल करून, थंड होऊ देऊन, कडेकडून आत ठोकत आलं की फाटत नाही.

रंगाची कथा वेगळीच. खरं जपानी चिलखत उरुशी लाखेने रंगवतात, झाडाचा चीक. मी आणला हार्डवेअरमधला ब्लॅक जपान, १८० रुपये. नावावर जाऊ नका, ते डांबरी वार्निश आहे. भर पावसात तो वाळेचना, चार दिवस चिकट, त्यावर धूळ आणि एक माशी. आणि चिडचीड कशाची तर खरी उरुशी दमट हवेतच कडक होते, ७०-८० टक्के आर्द्रता लागते तिला, जपानात मुद्दाम ओलसर कपाटात ठेवून वाळवतात. म्हणजे पुण्याचा ऑगस्ट तिच्यासाठी चांगला होता. पण ताजी उरुशी अंगाला लागली तर भयंकर खाज-पुरळ येते, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही. पट्ट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या. घरच्यांना तो ओव्हन आता नकोय.

८ सप्टेंबर

कोतेचं कापड. इथे जपानी आणि युरोपियन विचार खरोखर वेगळे होतात. युरोपात जाळी हा स्वतंत्र कपडा, अस्तर खाली वेगळं, दोन्ही एकमेकांवर सरकतात. कोतेत जाळी आणि पट्ट्या थेट कापडावर शिवलेल्या, बाही एकच. म्हणजे कापडाचं माप चुकलं तर सगळं चुकलं, जाळी ओढून-ताणून घेता येत नाही.

टेलरने शर्टाच्या बाहीचं माप घेतलं आणि तिथेच फसलो. शर्टाची बाही सरळ लटकलेल्या हाताला बेतलेली असते, कोते किंचित वाकलेल्या हाताला बेतावा लागतो. दुसऱ्यांदा कापून घेतला, दोन्ही वेळची शिलाई ३००, जाड सुती कापड आणि अस्तर ४५०. हाताच्या आतल्या बाजूने सुतळीने आवळून बांधायचा, वरून एक दोरी छातीवरून पलीकडच्या काखेखालून फिरते, तिच्यावर सगळं टांगलेलं असतं. दोरी १२० रुपये. तयार कोते ९०० ग्रॅम. डाव्या हाताचं अस्तर धरून वजन २.६ किलो. आकडा बघून जपानी बाजू जिंकली असं म्हणणारा एक मित्र आहेच, त्याला पुढचं वाचू दे.

२२ सप्टेंबर

ठोकाठोकी. गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू माती आणली, हाताच्या जाडीचे दोन लोळे केले, एकावर अस्तर आणि जाळी, एकावर कोते.

बोथट कोयत्याचा फटका: दोन्हीकडे काही कापलं गेलं नाही. जाळीखालच्या मातीत उथळ खळगा, पसरट. कोतेत पट्टीवर बसला तर जवळजवळ काहीच नाही, पट्टीच्या बाहेर नुसत्या कुसारीवर बसला तर खोल वळ, कारण खाली फक्त पातळ कापड.

दाभणाने ढोसणं: बारीक टोक दोन्हींतून जातं, त्यात नवल नाही. जाड टोकाची सळई हातोडीने मारली तेव्हा फरक दिसला. रिव्हेटची कडी ताणली गेली, वाकली, पण धरून राहिली. कुसारीच्या जुळवलेल्या कड्या पटापट उघडल्या. दोनदा फिरवलेल्या कड्यांचा तुकडा मुद्दाम वेगळा केला होता, तो जास्त टिकला. परत केलं तर सगळ्या दुहेरीच करीन.

हे काही शास्त्रीय नाही, कारण अस्तराची जाडीच वेगळी आहे. आणि कोण भारी या प्रश्नाचं तेव्हाच्या लोकांनी जे केलं ते मला जास्त पटतं. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदुका पोचल्या आणि पुढे जपानी सरदारांनी युरोपियन छातीपत्रे घेऊन त्यांना आपल्या पद्धतीने झालरी लावून घातले, साकाकिबारा यासुमासाचं तसलं चिलखत टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उलट्या दिशेने, १६१३ मध्ये जपानचा शोगुन तोकुगावा हिदेतादा याने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला दोन जपानी चिलखतं भेट पाठवली, ती अजून तिथल्या शाही शस्त्रसंग्रहात आहेत. आणि गोळीसमोर दोघांचा उपाय एकच, पत्र्यावर आधी गोळी झाडून बघायची आणि तो पोचा गिऱ्हाईकाला दाखवायचा.

६ ऑक्टोबर

दोन्ही घातलं. एका मित्राबरोबर लाकडी तलवारी घेऊन गच्चीवर. मित्र केंदो शिकलाय, मी युरोपियन लांब तलवारीचे धडे पुस्तकांतली चित्रं बघून करतो, त्यामुळे माझ्या तंत्रावर विसंबू नका.

आधी नुसत्या हालचाली. तलवार डोक्यावर धरली की डाव्या हाताची जाळी घसरून कोपराशी गोळा होते आणि सगळं वजन दंडावर येतं. मनगटापाशी चामड्याची वादी जाळीतून ओवून आवळली, प्रश्न संपला, मध्ययुगीन थडग्यांवरच्या पुतळ्यांत मनगटाला अशी वादी दिसते. अंगावरचं वजन आणि हातापायावरचं वजन यात फार फरक आहे. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ ला प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून मोजलं होतं, चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागली, आणि पाठीवर तेवढंच ओझं घेतल्यापेक्षाही जास्त, कारण पाय स्वतः जड झालेले असतात. दहा मिनिटांत माझा डावा खांदा तेच सांगत होता.

उजवीकडे उलट तक्रार. कोते हलका, पण हात छातीपलीकडे नेला की पाठीवरची दोरी ओढते. दोरी चार बोटं ढिली केली.

मग लढाई. मित्राला सांगितलं, हातांवरच मार, बघू कुठे मारावंसं वाटतं. उजव्या हाताला त्याने दोन-चार फटके पट्ट्यांवर वाया घालवले आणि मग सरळ खालून वर, मनगटाच्या आतल्या बाजूला यायला लागला. कारण कोतेच्या आतल्या बाजूला काही नाहीच, कापड आणि सुतळी. जपानी युद्धकलेच्या जुन्या घराण्यांमधल्या चिलखतातल्या तलवारबाजीत मनगटाची आतली बाजू, काख, मांडीची आतली बाजू, मानेची कड हीच लक्ष्यं का आहेत हे वाचून माहीत होतं, पण समोरचा माणूस न सांगता तिकडेच वळतो हे बघायला मजा आली.

डाव्या हाताला तसं काही सापडेना. जाळी सगळीकडून सारखी, आत काय बाहेर काय. थोड्या वेळाने तो वैतागून म्हणाला, "इथे कापायला काहीच नाहीये, मी ढोसतो नाहीतर तुला धरतो." आणि त्याने खरंच बाही मुठीत पकडली. सैल जाळी आणि जाड अस्तर पकडायला फार सोपं आहे, आवळून बांधलेला कोते हातातून निसटतो. मग तो एक हात तलवारीच्या मधोमध धरून छोट्या भाल्यासारखी वापरायला लागला. हेच इटालियन तलवारगुरू फियोरे देई लिबेरीच्या १४१० च्या सुमाराच्या हस्तलिखितात चिलखतातल्या चित्रांत आहे, आणि त्याने ते बघितलेलं नाही. जपानी तलवारीला एकच धार, म्हणून तिथे डावा हात पात्याच्या पाठीवर टेकवून ढोसतात.

तर माझं मत झालंय की लढाईची पद्धत चिलखताची फट ठरवते, तलवार नंतर येते. जिथे फट आतल्या बाजूला आहे तिथे खालून निसटता काप शिकवला जातो, जिथे फटच नाही तिथे टोक, हातोडा आणि कुस्ती. आणि फटी आणखी कमी झाल्या की दोन्हीकडे शेवट जमिनीवर, खंजीर घेऊन. युरोपात गोल तबकड्यांच्या मुठीचा रॉन्डेल, जपानात जाड पात्याचा योरोई-दोशी. बाय द वे रणांगणावर तलवार दोघांचंही पहिलं हत्यार नव्हतं, भाले, धनुष्य, परशू आधी. गच्चीवर भाला आणायला सोसायटीची परवानगी मिळाली नाही.

एक दुरुस्ती. मी कोते दोन्ही हातांना सारखाच असतो असं धरून चाललो होतो. जुन्या काळात, घोड्यावरून धनुष्य चालवायचे तेव्हा, बरेचदा फक्त डाव्या हाताला कोते घालायचे, उजवा दोरी ओढायला मोकळा. म्हणजे माझा जपानी हात त्या हिशोबाने चुकीच्या बाजूला आहे. सेनगोकुसाठी चालतो.

२० ऑक्टोबर

काख राहिलीये. दोन्ही बाह्या खांद्याशी संपतात आणि हात वर केला की दोन्हीकडे तळहाताएवढी जागा उघडी पडते. मित्राने शेवटी तिथेच मारलं. युरोपात अस्तरावर जाळीचा तुकडा शिवायचे किंवा पुढे लोंबती गोल तबकडी, बेसेग्यू. जपानात ओ-योरोईला (घोडेस्वार धनुर्धराचं जुनं चिलखत) त्याच जागी दोन लोंबत्या पट्ट्या, सेन्दान-नो-इता आणि क्यूबी-नो-इता, नंतरच्या काळात काखेत वाकीबिकी, म्हणजे काख झाकणारा वेगळा तुकडा.

उरलेल्या कड्यांतून जाळीचा काखतुकडा केला. साध्या दोऱ्याने शिवला तर पहिल्याच सरावात दोरा कापला गेला, आता मेण लावलेला चांभारी दोरा वापरतोय, दर तिसरी कडी टाका. वाकीबिकी पुढच्या महिन्यात, कुसारी उरली आहे, पट्ट्या परत कापून आणाव्या लागतील.

खर्च: युरोपियन हात ६,७००, जपानी हात २,०००. पण जपानी हाताला वेळ जवळजवळ दुप्पट गेला, त्यात वाळत न आलेला रंग धरलेला नाही. फक्त एकच करायचं असेल आणि हाताशी पैसे असतील तर जाळीची बाही करा. पैसे नसतील आणि कानस चालवायची सवय असेल तर कोते, फक्त कापड आधी वाकलेल्या हातावर टाचण्या लावून बेतून घ्या.